पुनर्विकासानंतर जुनी माणसं परत येतात का?

शेवगा (सोमवार, रात्री १०:१२)
आमची सोसायटी पार्ले पूर्वेला. १९६८ ची इमारत, तळ अधिक तीन, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. विकासकाशी करार नोंदवून झालाय, पावसाळा संपला की घरं रिकामी करायची. परवा बहुधा जुन्या इमारतीतली शेवटची सर्वसाधारण सभा झाली. विषय होता पार्किंगचं वाटप. तळमजल्यावरच्या ज्या काकांनी या पुनर्विकासासाठी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या, ते सहज म्हणाले, "मला पार्किंग नको, मी परत येणारच नाहीये." ताबा मिळाला की विकणार, निम्म्या पैशात बदलापूरला मुलीशेजारी घर घेणार, उरलेले बँकेत.

मग एकेकाला कंठ फुटला. सोळातल्या सात जणांचं विकायचं जवळजवळ ठरलंय. दोघांची मुलं परदेशात, ते भाड्याने देणार. म्हणजे सोळा जणांनी भांडून मिळवलेल्या इमारतीत राहायला जाणार सात.

ज्यांचा पुनर्विकास होऊन चार-पाच वर्षं झालीत त्यांनी सांगा: किती जुने परत आले? आलेल्यांपैकी किती टिकले? गेले ते पैसा दिसला म्हणून, की राहणं परवडेना म्हणून?

(मराठी-अमराठी वादासाठी वेगळे धागे आहेत. इथे नको, ही विनंती.)

चहाटळ (१०:१९)
विनंती वाचली. चौथ्या प्रतिसादात वाद सुरू होतो, पैज एका कटिंगची.

मोगरी (१०:३१)
वाचतेय. आमचं अजून संमतीपत्रांवरच अडलंय.

निंबोणी (१०:५८)
मुलुंड पूर्व. २०१७ ला ताबा मिळाला. जुने वीस, नवे धरून आता अठ्ठेचाळीस. विसातले तेरा परत आलो, आज आठ उरलोय.

पैसा दिसला म्हणून गेले ते पहिल्या वर्षातच गेले. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, ज्याचं घर त्याची मर्जी. नंतरच्या पाचांतले चार मात्र मेंटेनन्सने गेले. आधी महिना अठराशे भरायचो, आता साडेनऊ हजार. तीन लिफ्ट, जनरेटर, आगीची यंत्रणा, सांडपाण्याचं यंत्र, रात्रंदिवस सिक्युरिटी, कुणी न वापरलेली जिम आणि ते वरखाली होणारं पार्किंग. जुन्यांपैकी दोघांकडेच गाडी आहे, पण पार्किंग बिघडलं की भुर्दंड सगळ्यांना. कॉर्पस (विकासकाने दिलेली एकरकमी रक्कम) मिळाला होता. त्याच्या व्याजात मेंटेनन्स भागेल असं कागदावर मांडून दाखवलेलं. पण कुणाचा निम्मा कॉर्पस मुलीच्या लग्नात गेला, कुणाचा बायपासमध्ये. आणि कागद मांडला तेव्हाचा मेंटेनन्स तरी कुठे राहिलाय?

त्यात गंमत म्हणजे मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ झाला. आमची जुनी घरं ४१० ची होती. नवी ५६० ची. जागा वाढली, कर आला.

पैशाहून जिव्हारी लागतं ते वेगळंच. जिमचं यंत्र नवं घेऊ नका, खर्च आवरा, असं जुन्यांपैकी कुणी म्हटलं की मागच्या खुर्चीवरून येतं, "आप को तो फ्री में मिला है." सत्तरच्या दशकात दागिने मोडून हप्ते भरलेल्या बायका हे ऐकून गप्प बसतात. त्यातल्या एक गेल्या वर्षी विकून कल्याणच्या पुढे गेल्या. परवडत नव्हतं असं नाही, मुलगा भरत होता. "सभेला जायची लाज वाटते" म्हणाल्या.

कोपऱ्यातला (११:१४)
सगळं खरं, पण मूळ मुद्द्याला कुणी हात लावणार नाही. ते नवे अठ्ठावीस कोण आहेत ते सांगा की. आधी गिरगाव गेलं, मग दादर, आता पार्लं-मुलुंड. २०२३ साली मुलुंडला मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. मासे खाता का विचारून मग घर दाखवतात. आणि आपण मेंटेनन्सचे हिशोब करतोय!

चहाटळ (११:१५)
हा तिसरा की चौथा? शेवगा, निवाडा द्या.

शेवगा (११:२०)
चौथा. चहा पाजतो. 😑

आकडेमोड (११:४७)
@कोपऱ्यातला, जनगणनेचे आकडे बघू. २००१ ते २०११ मध्ये मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे ४५.२३ लाखांवरून ४४.०४ लाखांवर आले. तुम्ही ज्यांच्याकडे बोट दाखवताय ते गुजराती १४.३४ वरून १४.२८ लाख, म्हणजे तेही किंचित कमीच. वाढले हिंदीवाले, २५.८८ वरून ३५.९८ लाख. त्यातले सगळे काही पार्ल्यात तीन-चार कोटींचा फ्लॅट घेत नाहीयेत. बरेचसे तुमच्या टॉवरचे वॉचमन आहेत.

दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर उतरली. टॉवर वाढले आणि माणसं कमी झाली. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ८१.३२ लाखांवरून ११०.६० लाखांवर गेली, देशात सगळ्यात मोठी. माणसं कुठे जातात ते यात दिसतं. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे उपनगरांचं पुढे काय झालं ते आपण अशा धाग्यांवरूनच मोजायचं.

हिंगाष्टक (मंगळवार, सकाळी ८:०५)
मी पार्ले पूर्वेचा गुजराती. शाळा मराठी माध्यमाची, मार्क मराठीत जास्त, आई अजून आमटीत गूळ जरा जास्तच घालते. आमच्या इमारतीत गुजराती दोन घरं होती. पुनर्विकासानंतर दोन्ही गेली: एक मीरा रोडला, एक वसईला. म्हणजे तुमच्या हिशोबाने आम्ही हकालपट्टी करणारे की झालेले?

नव्यांमध्ये एक मराठी डॉक्टर जोडपं आहे, एक तमिळ, एक मारवाडी, दोन बंगाली. सगळ्यांच्या दोन दोन गाड्या. जुन्या-नव्यांचं भांडण गणपतीच्या वर्गणीवरून झालं तेव्हा "कॉमन एरियात मंडप नको" म्हणणारे ते मराठी डॉक्टरच होते. घेणाऱ्याची भाषा विचारताय, बजेट विचारा.

माशांवरून घर नाकारणं चूकच, त्यात दुमत नाही. पण आपल्याच लोकांची सोसायटी हवी ही हौस एकट्या गुजरात्यांची नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवायला मुभा दिली. त्यानंतर असल्या हट्टाला कागदोपत्री आधार सापडायला लागला.

कोपऱ्यातला (८:४०)
@हिंगाष्टक, तुमच्याबद्दल नव्हतो बोलत. पण घर दाखवताना "व्हेज फॅमिली आहे ना?" हे मला स्वतःला विचारलंय, ब्रोकरने, मी जन्मलो त्याच रस्त्यावर. ते बजेट विचारण्याच्या आधी विचारलं.

हिंगाष्टक (८:५२)
ते मान्य. त्या ब्रोकरला माझ्यातर्फेही दोन शिव्या द्या.

खाडीकाठ (१०:३०)
सगळं वाचलं. दागिने मोडून घेतलं, हप्ते भरले, जन्मलो त्या रस्त्यावर. बरं आहे. पण तुमच्या सोसायट्यांच्या आधी तिथे शेत कुणाचं होतं, ते कुणी लिहीत नाही.

मी कल्याण-शीळ रस्त्याकडचा आगरी. आमची २७ गावं. १९८३ ला महापालिकेत घातली, २००२ ला काढली, २०१५ ला परत घातली. घालताना एकदाही आमचं म्हणणं ऐकलं नाही. भातशेतीवर आज टॉवर आहेत, बदलापूर-डोंबिवलीला "स्वस्तात मोठं घर" घ्यायला तुमचे काका येतात ते आमच्याकडेच. नवी मुंबईत तर सिडको १९७० ला आली, जमिनी कवडीमोलाने घेतल्या, १९८४ ला उरणच्या आंदोलनात गोळीबारात पाच माणसं गेली तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत पदरात पडली. तुम्हाला निदान कॉर्पस विचारतात.

आमची आजी म्हणायची, "गावान आता आमीच पाव्हणं." तिला गॅलरीतून समोरच्या टॉवरमधल्या लोकांचे कपडे वाळत घातलेले दिसायचे. ते पार्ल्यातून आलेलेच असणार. 😄

चहाटळ (१०:३८)
खाडीकाठ, स्कॉर्पिओ कुठली घेतली? (हलके घ्या.)

खाडीकाठ (१०:४१)
काळी. नंबर ५५५५. जमिनीचे पैसे संपले, हप्ते चालू आहेत.

गवंडी (दुपारी १:१५)
वास्तुविशारद आहे, रोज हेच करतो. भावना बाजूला ठेवून गणित सांगतो.

जुन्या मेंबराला जास्तीचं घर, भाडं, कॉर्पस हे कुणी खिशातून देत नाही. ते नव्या विक्रीच्या फ्लॅटमधून निघतं. उपनगरात मूळ एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते) १, त्यावर प्रीमियम भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचे बांधकाम-हक्क) विकत घेऊन रस्त्याच्या रुंदीप्रमाणे २ ते २.५, वर ३५ टक्के फंजिबल (जादा क्षेत्र). ३० वर्षांवरच्या सोसायट्यांना विकास नियमावलीच्या ३३(७)(ब) खाली आणखी थोडं. यातलं जुन्यांना देऊन उरेल त्यावर महापालिकेचे शुल्क, बांधकाम, व्याज, नफा सगळं बसवायचं. मग विक्रीचा फ्लॅट स्वस्त कसा असेल? तुम्ही जितका जास्त एरिया आणि कॉर्पस मागाल तितका नवा शेजारी श्रीमंत लागणार. तुमच्या इमारतीत तुमच्यासारखा माणूस विकत येऊ शकणार नाही, हे करारावर सही करतानाच ठरलेलं असतं.

पार्ल्यात आणखी एक भानगड: विमानतळामुळे उंचीवर मर्यादा. नकाशावर मिळणारा एफएसआय वर चढवताच येत नाही. त्यामुळे थोडेच फ्लॅट विकायला मिळतात, ते आणखी महाग.

@मोगरी, पूर्वी तीन चतुर्थांश संमती लागायची, २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के पुरेत. त्यामुळे वेग आला. आणि ४९ टक्क्यांना काय वाटतं ते विचारायची गरज संपली, हेही खरं.

निंबोणी (१:३०)
गवंडी, हे आमच्या सभेत २०१२ ला कुणी असं सांगितलं असतं तर! आम्ही टाइल्सचा रंग निवडत होतो.

सत्तरी_पार (१:५२)
तुम्हा सगळ्यांचं रडगाणं ऐकून घेतलं, आता माझं ऐका.

गोरेगाव. जुन्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बायकोचे गुडघे गेले आणि ती दवाखान्याखेरीज खाली उतरेनाशी झाली. तेही खुर्चीवर बसवून, चार जणांनी उचलून. स्लॅबचे तुकडे पडायचे, पावसाळ्यात स्वयंपाकघरात बादल्या. नव्या इमारतीत ती रोज संध्याकाळी लिफ्टने खाली उतरते, बाकावर बसते, नव्या मुलींशी तोडक्यामोडक्या हिंदीत गप्पा मारते. त्यातली एक तिच्याकडून पुरणपोळी शिकली. मेंटेनन्स आठ हजार आहे, पेन्शनमधून देतो, टोचतो. तरी जुन्या इमारतीच्या आठवणींचे उमाळे काढणाऱ्यांनी तीन जिने चढून दाखवावेत.

निंबोणी (२:०४)
काका, हे पटलं. लिफ्ट नको असं मीही म्हणत नाहीये. तीन नकोत.

मोगरी (३:२०)
एक विचारू? हा पूर्ण धागा घरमालकांचा आहे. आमच्या शेजारच्या, पाडलेल्या इमारतीत भाड्याने राहणारी पाच कुटुंबं होती, त्यातलं एक बावीस वर्षं. मालकाला भाडं, ब्रोकरेज, वाढीव एरिया, सगळं. त्यांना एक महिन्याची नोटीस. त्याच भागात आता एका खोलीचं भाडंसुद्धा झेपेना, कारण आसपासच्या दहा इमारती एकदम पाडल्यात आणि ते सगळे विकासकाच्या पैशाने भाड्याची घरं शोधतायत. मुलं दहावीत, म्हणून त्यांनी वर्षभर नालासोपाऱ्याहून शाळेत ये-जा केली.

आणि आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. नाल्याकाठची वस्ती हटवली तेव्हा त्यांना माहुलला घर मिळालं. रिफायनरीशेजारचं माहुल, जिथल्या हवेवरून लोक हायकोर्टात गेले. आता त्या तिथून येतात. त्या काम करतात त्या एका नव्या सोसायटीने कामवाल्यांना वेगळी लिफ्ट ठेवलीय.

पाटावरवंटा (३:४१)
+१ मोगरी. वेगळी लिफ्ट आमच्याकडेही. ठराव जुन्या मेंबरांनीही हात वर करून मंजूर केलाय बरं का. "फ्री में मिला है" ऐकणारेच.

ओकट्री (५:१०)
न्यू जर्सीहून. आमच्या इथे एडिसनला, भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर, हेच उलट्या बाजूने बघायला मिळतं. इथले जुने गोरे रहिवासी एडिसन सोडून गेले, मसाल्याच्या वासाबद्दल, दिवाळीच्या फटाक्यांबद्दल, घरांच्या किमतींबद्दल तक्रारी करत. जर्सी सिटीत १९८७ मध्ये भारतीयांना ठरवून मारहाण करणाऱ्या टोळ्या होत्या. आता आपलेच लोक महापालिकेच्या सभेत म्हणतात, नव्या अपार्टमेंट नकोत, "कसलेही लोक" येतील. मी ते मराठी उच्चारात ऐकलंय.

कोथरूडची_काकडी (५:३३)
पुण्यात असं काही नाही. कोथरूडमध्ये नवा माणूस आला की पहिली तीस वर्षं आम्ही त्याला पाहुणाच समजतो.

चहाटळ (५:३५)
आणि एकतिसाव्या वर्षी?

कोथरूडची_काकडी (५:३६)
तोपर्यंत तो बावधनला गेलेला असतो.

विकून_मोकळा (रात्री ९:०२)
शेवगा, तुमच्या तळमजल्यावरच्या काकांसारखाच मी. पार्ल्याचं घर ताबा मिळाल्यावर विकलं, बदलापूरला घेतलं. दोन मुलांना वाटून वर बरेच उरले. पैशाच्या बाजूने एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही. हवा चांगली, भाजी ताजी, पार्ल्याचे आमच्या एका इमारतीत चार जण भेटले. संध्याकाळी कट्टा भरतो, विषय अर्थात पार्ल्याचा.

काय जातं तेही सांगतो. ओळखीचा डॉक्टर जातो. मोठ्या इस्पितळात जायचं तर लोकलने दीड तास. पावसात रेल्वे बंद पडली की आपण बेटावर. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली होती, आठवतंय ना? त्या दिवशी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. काकांना सांगा, बदलापूर घ्या, पण नदीपासून लांब आणि तिसऱ्या मजल्याच्या वर. आणि लिफ्टचा मेंटेनन्स विचारून घ्या. तिथेही वाढतोय.

कोपऱ्यातला (९:२०)
म्हणजे मराठी माणूस पार्ल्यातून बदलापूरला, बदलापूरचा आगरी कर्जतला आणि पुढे?

खाडीकाठ (९:२४)
कर्जतच्या ठाकर आदिवासींना विचारा. त्यांच्या डोंगरावर तुमचे सेकंड होम आहेत.

शेवगा (९:५०)
धन्यवाद मंडळी. उत्तर बऱ्यापैकी मिळालं. पहिली लाट पैशाने, दुसरी मेंटेनन्स आणि बोलण्याने. आता कामाचं विचारतो. आम्ही जे सात राहणार आहोत त्यांनी आत्ता, घर रिकामं करण्याआधी, काय करून ठेवावं? @गवंडी @निंबोणी

गवंडी (१०:११)
करार नोंदवलेला असला तरी आराखडे अजून मंजूर व्हायचे असतील तर पूरक करार करता येतो. कॉर्पस सभासदांनी वाटून घेण्याऐवजी काही भाग सोसायटीच्या नावे ठेवा, व्याज जुन्यांच्या मेंटेनन्सला लावायचं असं लिहून. जिम आणि शोभेचा लॉबी-एसी आराखड्यातच कमी करून घ्या. एकदा बसवला की काढता येत नाही. यांत्रिक पार्किंगचा खर्च ज्यांची गाडी त्यांनीच उचलायचा, हा ठराव नवे मेंबर यायच्या आत करा.

आणि लोकांना धक्का बसतो ती गोष्ट: आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) सेवा आकार सगळ्या सदनिकांना सारखा असतो, क्षेत्रफळावर नाही. तुमच्या ५५० फुटांना आणि नव्याच्या १२०० फुटांना लिफ्ट, सिक्युरिटी, सफाई यांचं एकच बिल. त्यामुळे "आम्ही छोटे, आम्हाला कमी लावा" हा वाद घालत वेळ दवडू नका, हरणार. खर्चच कमी ठेवा.

निंबोणी (१०:२५)
गवंडींना अनुमोदन. माझ्याकडून एकच: पहिल्या कमिटीत जुन्यांपैकी तिघं तरी उभे राहा. आम्ही "आता नव्यांना करू दे" म्हणून बाजूला झालो आणि पहिल्याच वर्षी लॉबीत कारंजं आलं. आणि गणपती पहिल्या वर्षापासून बसवा. दुसऱ्या वर्षी बसवायला गेलात तर ती "नवी प्रथा" ठरते.

हिंगाष्टक (१०:३०)
मंडपाला डॉक्टरांची हरकत आली तर मला बोलवा. मी मराठीत भांडेन, ते इंग्रजीत उत्तर देतील.

प्रॉपमित्र (१०:४४)
नमस्कार, विलेपार्ले पूर्व येथे पुनर्विकासातील ताबापूर्व सदनिका त्वरित घेणे आहे. रोख व्यवहार, शाकाहारी कुटुंब. इच्छुकांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करावा.

चहाटळ (१०:४५)
संपादक!!!

कोपऱ्यातला (१०:४५)
याला मीच व्यनि करतो.

निंबोणी (१०:५१)
शेवगा, तुमच्यातले सात जण विकणारच असतील तर त्यांना एक सांगून ठेवा: घर दुसऱ्याच्या नावे करताना सोसायटीने ट्रान्सफर प्रीमियम म्हणून २५,००० च्या वर मागितलं तर द्यायचं नाही. आमच्याकडे "देणगी" म्हणून दोन लाख घेतले होते एकीकडून. तिने पावतीही मागितली नाही.